मांडणीवरची परात आणि 'तुम्ही नक्की कुठले?'

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं. भिंतींना ओल, कौलं गळकी, आणि भावाचं म्हणणं की डागडुजीला जेवढे जातील तेवढ्यात नव्या घराचा पाया होतोय, ते काही खोटं नाही. तर घर रिकामं करायला सगळे जमलेलो, तेव्हा भाची म्हणाली, "आत्ती, पाडायच्या आधी दोन दिवस हे घर मला द्या की. इन्स्टॉलेशन करायचंय." भाऊ म्हणाला, "पाडायच्या घरात एसी कशाला बसवूलालीस?"

पोरगी आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती चिडली. खरं भावाचीही काय चूक म्हणायची, इन्स्टॉलेशन म्हटलं की आपल्याला एसी नायतर सॉफ्टवेअरच आठवणार. मराठीत ह्याला मांडणशिल्प म्हणतात म्हणे. शब्द जड आहे, पण वस्तू आपल्याला नवीन नाही. बेळगावात शिवजयंतीला रात्रभर जे चित्ररथ निघतात, दिवाळीत गल्लीगल्लीत पोरं दगड-माती-पोती गोळा करून जो किल्ला बांधतात ते दुसरं काय असतं? एक जागा धरायची, वस्तू मांडायच्या, बघणाऱ्यानं जवळ येऊन, फिरून बघायचं. फरक एवढाच की किल्ला बघताना काय म्हणायचंय ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. हिच्या मांडणीत ते माहीत नव्हतं, आणि दोन दिवसांतली सगळी वादावादी त्याच्यावरनंच झाली.

काय केलं होतं ते आधी सांगते. मधल्या खोलीत आज्जाचा हातमाग होता. माग कधीच गेला, खाली पाय सोडून बसायचा तो मागाचा खड्डा तेवढा राहिलाय. (मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग. विणकराच्या घरात भाषा कुठं बदलते ते सांगायला अर्धं अक्षर पुरतं.) त्या खड्ड्याच्या काठावर तिनं स्वयंपाकघरातली आज्जीची मांडणी आणून उभी केली, भांड्यांसकट. एका भिंतीवर घरातले जुने कागद लावले. खड्ड्यात एक छोटा स्पीकर ठेवला, त्यातनं आज्जीचा आवाज. आणि आढ्यापासून खाली लाल दोरे सोडले होते, ते मला अजिबात आवडले नाहीत, हल्ली इन्स्टावर जिथं बघावं तिथं लाल दोरेच. तिला तसं सांगितलं पण.

कागदांची भिंत मात्र बघण्यासारखी होती. पणजोबांच्या वेळचा एक कागद सांगली संस्थानचा, कारण शहापूर तेव्हा पटवर्धनांच्या सांगलीत आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आज ज्या रस्त्यानं आम्ही भाजी आणायला जातो त्यावरनं माणसं राज्य बदलून येत जात होती. १९४८ ला संस्थान विलीन झालं, मग कागदावर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर. १ नोव्हेंबर १९७३ ला त्याच म्हैसूरचं कर्नाटक. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी. एका नोव्हेंबरनं आमच्या घराचं एवढं काय काय केलंय. सगळ्यात जुना कागद मोडी लिपीत आहे आणि तो आमच्या घरात एकालाही वाचता येत नाही, मराठी मराठी म्हणून एवढं बोलतो आपण आणि आपल्याच पणज्याचं मराठी आपल्याला अनपढासारखं उलटसुलट धरून बघावं लागतं, ह्याची मला त्या दिवशी जरा लाजच वाटली.

भाचीनं मग मोबाईलवर एका कोरियन कलाकाराचं काम दाखवलं. दो हो सुह नाव त्याचं, जन्म सोलचा, १९६२ चा, पुढं अमेरिकेत शिकायला गेला. आईवडलांचं घर त्यानं पातळ रेशमी कापडात जसंच्या तसं शिवलं, दारं-खिडक्यांसकट, घडी करून सुटकेसमध्ये मावेल असं, आणि ते छताला टांगून दाखवतो. मला आधी मच्छरदाणीच वाटली. खरं एक गोष्ट डोक्यात बसली. १९९९ मध्ये ते लॉस एंजेलिसला लावलं तेव्हा त्याचं नाव सोल होम, एलए होम. मग ते पुढच्या ज्या गावाला नेलं त्या गावाचं नाव त्याला जोडत गेला, न्यूयॉर्क होम, लंडन होम असं, शेपटासारखं. त्याचं घर जग फिरलं म्हणून नाव लांबलं. आमचं घर पायाच्या दगडापासून इंचभर हललं नाही तरी नाव तेवढंच लांबलं. सीमाभाग म्हणजे काय असं बाहेरच्या कुणी विचारलं तर सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाआधी मी त्याला ही भिंत दाखवीन.

आता मांडणी. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात. लग्न, मुंज, वास्तुशांत, काही असो, तांब्या-ताट द्यायचं आणि त्यावर टोचून घ्यायचं, अमक्याकडून सप्रेम भेट, तारीख. आज्जीच्या माहेरचं, हुक्केरीकडचं जे काही आलं त्यावर कन्नड अक्षरं. आज्जाच्या बाजूचं, निपाणी-खानापूरकडचं, त्यावर देवनागरी. काही भांडी अशी की देणारा मराठी, पण नाव घालणाऱ्याला कन्नडच येत होतं, मग आडनाव कन्नडमध्ये आणि तेही चुकीचं. आणि तीन भांडी आमची नाहीतच. एक पितळी परात, त्यावर कुणा बाईचं नाव, कन्नडमध्ये, घरात कुणाला माहीत नाही ती कोण. कुठल्यातरी लग्नात अदलाबदल झाली असणार. मुळात नाव घालतात ते ह्याचसाठी की शेजारी गेलेलं भांडं परत यावं. पण परात चाळीस वर्षं आमच्या घरात, पुरणपोळीची कणिक तिच्यातच मळलेली, मग ती कुणाची? हा प्रश्न भाचीनं कुठं लिहिला नव्हता, नुसती परात पुढं काढून ठेवली होती. मला वाटतं तिथं ती पोरगी कलाकार आहे, दोऱ्यात नाही.

आणि आवाज. भावानं लहानपणी टेपरेकॉर्डरवर खेळत असताना आज्जी सुताच्या कांड्या मोजत बसलेली, ते नकळत रेकॉर्ड झालंय. वंद, एरड, मूर, नाल्क… आणि मधेच भावाला मराठीतनं, "हात लावू नको रे मुडद्या त्याला", आणि परत ऐद, आर. मोजणं कन्नड, शिव्या मराठी. माणूस मनातल्या मनात मोजतो ती भाषा शेवटपर्यंत जात नाही म्हणतात, आज्जीची गेली नाही.

आता ह्यात गोम अशी की त्या आज्जीचा मुलगा म्हणजे आमचे अण्णा. (वडलांना अण्णा, कारण घरात ते थोरले, धाकटे भाऊ म्हणायचे म्हणून आम्हीपण. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊच की.) तर अण्णांनी सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्यात. पाठीवरचा वळ आम्ही लहानपणी बघितलाय. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या अशी आहे की लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. त्या हिशोबानं मराठीसाठी लाठी खाल्लेल्या माणसाची मातृभाषा निदान अर्धी कन्नड निघते. रकाना मात्र एकच. अर्धं लिहायची सोय नाही. पुढं अजून येत असलेल्या दोन भाषा विचारतात, खरं त्या मोजताना कोण धरतो.

पहिल्या दिवशी अण्णांबरोबर मोर्च्याला असायचे ते एक काका आले. वय झालंय, काठी घेऊन आले, सगळं नीट बघितलं, खड्ड्याजवळ उभं राहून आवाज ऐकला, आणि भाचीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, बाकी ब्येस केलैस, खरं तेवढं मोजायचं बंद कर. उद्या कोण व्हिडिओ काढून टाकला तर म्हणतील बघा ह्यांच्या पुढाऱ्याची आई कन्नड होती. आणि ह्यात सीमाप्रश्न कुठाय?"

दुसऱ्या दिवशी एक साहेब आले, कुठल्या खात्यातले ते सांगत नाही, माणूस सज्जन, कन्नड बोलणारा, मराठी छान येतं. ते खूश. इतके खूश की म्हणाले, "हेच सगळ्यांना दाखवायला पाहिजे. किती सुंदर मिसळलंय. मग आता सांगा, मराठीत परिपत्रकं पाहिजेत, मराठीत उतारा पाहिजे, हे कशाला धरून बसायचं?"

मी दोघांनाही चहा दिला. पण तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय की दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत आणि दोघांचं गणित मात्र एकच आहे. काका म्हणतात मिसळलेलं दाखवलं तर आपला हक्क जाईल. साहेब म्हणतात मिसळलेलेच आहात तर हक्क कशाला. म्हणजे दोघांच्याही मते हक्क हा शंभर नंबरी शुद्ध माणसालाच असतो. ही अट कुणी घातली? कुठल्या कायद्यात आहे?

मी तरी बघितलं त्यात नाही. घटनेचं कलम ३५०-अ म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी. तिथं असं लिहिलेलं नाही की मुलाची आज्जी कुठल्या भाषेत मोजायची ते आधी तपासा. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असले तर महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात हे ठरून किती दशकं झाली. बेळगाव जिल्ह्यात मराठी १५ टक्क्यांच्या वर आहे हे २०११ ची जनगणनाच सांगते, बेळगाव-खानापूर तालुक्यात तर प्रश्नच नाही. ज्या बाईला उताऱ्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही तिला ते वाचता आलं पाहिजे, बास, एवढी साधी गोष्ट आहे ही. तिच्या सुनेचं माहेर गोकाकचं आहे म्हणून तो कागद आपोआप वाचता येत नाही. आणि गंमत म्हणजे उतारा हा शब्दसुद्धा दोन्हीकडं तोच आहे. शब्द मिसळला, कागद नाही मिसळला. मिसळायचं ते फक्त आम्हीच का?

म्हणून साहेबांसारख्या गोड माणसांची मला काकांपेक्षा जास्त भीती वाटते खरं तर. सत्कार समारंभात बघा, शाल-श्रीफळाबरोबर दोन नावं हमखास निघतात. कुमार गंधर्व, आमच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले, आणि अख्ख्या मराठी मुलखानं डोक्यावर घेतले. द. रा. बेंद्रे, घरात मराठी, आणि १९७३ चं ज्ञानपीठ कन्नड कवी म्हणून. मग टाळ्या, भाऊ भाऊ, राष्ट्रगीत, कार्यक्रम संपला. दोन्ही नावं थोरच आहेत, त्यात काय वाद. पण त्यांची थोरवी दाखवून मराठी शाळेचा मास्तर नेमायचं टाळता येत नाही, आणि आमच्याकडं नेमकं तसंच होतं. कला पुढं करायची आणि फाईल मागं सारायची. भाचीची मांडणी उद्या कुठल्या सरकारी महोत्सवात 'आमची एकात्मता' म्हणून लागली तर मी पहिली जाऊन ती परात उचलून घरी आणीन.

आता काकांची बाजू. त्यांना वेड्यात काढून चालत नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि दहा वर्षांनी ते बेळगावच बाहेर राहिलं, ही ठसठस त्यांच्या पिढीची आहे. १९६७ ला महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला अशी वाटणी सुचवली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. त्या दाव्यात गाव हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा हे मुद्दे आहेत, आणि जिथं आकड्यांवर भांडण आहे तिथं प्रत्येक मिसळलेलं घर म्हणजे आपला एक आकडा गेला असं त्यांना वाटणं साहजिक आहे. एवढी वर्षं वकिलाच्या डोक्यानं विचार करत काढल्यावर माणूस स्वतःच्या घराकडंपण पुरावा म्हणून बघायला लागतो.

तरी काका चुकतात. आज्जीचं मोजणं लपवलं म्हणून अण्णांची लाठी मोठी होत नाही. उलट मला तर त्या आवाजामुळं अण्णा पहिल्यांदा कळले. ज्या माणसाला दोन्ही भाषा घरात मिळाल्या त्यानं एकीसाठी मार खाल्ला, म्हणजे त्याला दुसरी येत नव्हती म्हणून नाही, दुसरीचा राग होता म्हणूनही नाही, तर रातोरात कागद बदलले आणि त्याला कुणी विचारलंच नाही म्हणून. 'विचारलं नाही' ही तक्रार शुद्ध माणसाचीच असते असं थोडंच आहे. आणि आपण हे मान्य केलं तर अक्कलकोट-जतच्या कन्नड माणसाला कन्नड शाळा आणि कन्नड कागद मागायचा तेवढाच हक्क आहे हेपण तोंड भरून म्हणता येतं, जे आपले लोक फारसं म्हणत नाहीत, मला ते खटकतं.

एक हॉल बघितला होता तिनं, घर पाडल्यावर तिथं मांडायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी लेबलांवर अडलं. भाचीनं कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही सारख्या आकारात लिहिली होती. हॉलवाल्यांनी विचारलं, कन्नड ६० टक्के होतंय का? आता दुकानाच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हा २०२४ चा कायदा आहे, पाटी ही पाटी आहे, समजू शकते. तांब्यावरच्या नावाला कसं लावायचं ते? आमच्या मांडणीवर मी हिशोब केला. कन्नड ६० टक्के भरत नाही. मराठीपण भरत नाही. निम्म्या भांड्यांवर कुणाचंच नाव नाही, ती बोहारणीकडनं जुन्या साड्यांवर घेतलेली. हॉल काही मिळाला नाही.

आमच्या शहरात ओळख म्हटलं की तीन गोष्टी, पुतळा, झेंडा, बोर्ड. तिन्हीसाठी पैसे निघतात, जागा निघते, रात्रीत चबुतरा होतो, आणि मग दोन महिने पोलीस व्हॅन. मी पुतळ्यांच्या विरोधात नाही, पुतळ्याला हार घालून लहानाची मोठी झाले. पण पुतळा बघायला मान वर करावी लागते आणि त्याच्या आत जाता येत नाही. ह्या मांडणीत लोक आत शिरले, वाकले, भांडी उलटी करून नावं वाचत बसले. एका पोरानं आईला फोन लावून विचारलं, आपल्या तांब्यावर काय लिहिलंय गं? तो कन्नड होता की मराठी मला कळलं नाही, दोन्ही बोलत होता. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पालिकेच्या एखाद्या इमारतीत, बंद पडलेल्या शाळेत, कुठंतरी एक खोली अशा कामासाठी कायमची ठेवा, लेबलं दोन्ही भाषांत सारखी लावा, आणि ती खोली दिली म्हणून कागदाचा विषय मिटला असं कुणी समजू नका. खोली आणि कागद दोन वेगळ्या मागण्या आहेत, दोन्ही एकाच घरातनं येतात.

रविवारी दुपारी आवराआवर चाललेली तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई सुनेला धरून आल्या. दोऱ्यांकडं बघितलं नाही, कागदांकडं बघितलं नाही, सरळ मांडणीपाशी. परात उचलली, पदरानं पुसली, डोळ्याजवळ नेऊन वाचली. "इद नम्म अव्वंदु," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून मराठीत, "आमच्या आईची हाय ही. तिच्यापायी माझी जाऊ आणि मी किती वर्षं बोललो न्हाई, मला वाटायचं तिनंच घातली माहेरात. तुमच्याकडं होती व्हय?" भाची म्हणाली आज्जी, संध्याकाळपर्यंत राहू दे की, फोटो काढायचेत. बाई म्हणाल्या, न्हाई, आत्ताच नेणार. आणि निघाल्यापण. वहिनी आतनं पळत आली, रिकामी परात कशी न्यायची म्हणून तिच्यात पसाभर साखर घातली.